तळघरकाकांचा कर्नल

अंधशाळेतल्या संगणकवाल्यांची खोली तळघरात होती, म्हणून सगळे त्यांना तळघरकाका म्हणत. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी दूरच्या शहरात. दिवसभरात कानावर येणारं वाक्य बहुधा एकच: "काका, चालत नाहीये."

त्या आठवड्यात ब्रेल छापणारं यंत्र अडलं. यंत्र धडधाकट होतं. पण संगणक नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेल्यावर तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, यंत्र संगणकाला जोडणारं जुनं कार्ड ओळखता येईना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "भंगारात काढू या. पुढच्या वर्षी नवीन येईलच."

"दोन दिवस द्या मला," काका म्हणाले. पुढच्या वर्षापर्यंत मुलांनी काय वाचायचं, हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला.

त्यांनी कर्नलचा मूळ कोड उतरवून घेतला, जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखणारा कोडचा तुकडा, त्यात बसवला आणि एकेक पर्याय निवडू लागले. हे हवं, ते नको. इथे त्यांचा हात झरझर चालत होता. घरी बायकोच्या कपाटापुढे उभं राहिलं, की मात्र दर वेळी एकच उत्तर निघायचं: राहू दे.

तीन तास कोड दळून संगणकाने नवा कर्नल तयार केला. पण संगणक सुरू करताच पडदा काळा. नको नको म्हणता म्हणता काकांनी हार्ड डिस्कचा ड्रायव्हरही काढून टाकला होता.

"शाबास," ते स्वतःलाच म्हणाले. जुना कर्नल जपून ठेवला होता म्हणून निभावलं. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र खडखडू लागलं आणि कागदावर ठिपके उमटले. काकांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही तातडीचं?"

"नाही गं. सहजच."

बायकोला यातलं ओ की ठो कळत नसे, पण भाजी निवडता निवडता ती "मग?" म्हणायची.

पानं घ्यायला वरच्या वर्गांवर शिकवणाऱ्या आणि ब्रेलची मुद्रितंही तपासणाऱ्या बाई आल्या. त्या स्वतः अंध. ओळीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "ठिपके छान उठलेत. काय केलंत नेमकं?"

काका सांगायला लागले. डिस्कच्या घोळापर्यंत पोचले आणि घंटा झाली.

"उरलेलं उद्या," म्हणून बाई गेल्या. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा लागल्या. बाई खाली फिरकल्याच नाहीत. काकांनी मग सगळी हकिकत लिहून काढली, त्याच यंत्रावर ब्रेलमध्ये छापली आणि इतर पानांबरोबर वर पाठवली.

परीक्षा संपल्यावर शिपाई निरोप घेऊन आला. "बाई म्हणाल्या, अर्धं डोक्यावरून गेलं. येऊन समजावून सांगा."

काका लगेच जिना चढले. बाईंचा तास चालू होता. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले.