तक्रार करणाऱ्याला बिल्ला

अनंतराव केळुसकरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मांजलपूरला एका सोसायटीच्या मैदानावर दर थंडीत संगीत महोत्सव भरतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी प्रथमच गेले, तर पहिलीच मैफल उशिरा सुरू झाली. मध्यंतरात मी सतरंजी झटकणाऱ्या एका गृहस्थांना गाठले. तेच अनंतराव. रेल्वेत आहेत, एवढे ऐकून होते.

"रेल्वेची सवय इथेही आणलीत का?" मी विचारले.

त्यांनी सदऱ्यावरचा स्वयंसेवकाचा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "बाई, उद्यापासून वेळ तुम्ही सांभाळा."

मी शाळेत गणित शिकवत असे. दुसऱ्या दिवशीची मैफल वेळेवर सुरू झाली, हे सांगायला नकोच.

अनंतरावांची कामाची रीत हीच. तक्रार करणाऱ्याशी ते वाद घालत नाहीत, त्याला बिल्ला देतात. चहा पुचाट म्हणणारे गृहस्थ आज चहा पाहतात. चपलांच्या गोंधळावर चिडलेल्या बाई आज चपला सांभाळतात. या रीतीवर माझा मुळीच विश्वास नव्हता. समितीच्या बैठकीत मी तसे सांगितलेही. अनंतराव हसले आणि बैठकीची वेळ पाळण्याचे कामही त्यांनी मलाच दिले.

रीतीची खरी परीक्षा जयंतीभाईंनी घेतली. मैदानाला लागूनच त्यांचे घर. रविवारी सकाळच्या सत्रात तंबोरे लागताच ते गॅलरीत येत. "रविवारे पण ऊंघवा नथी देता! आ शुं मांड्युं छे?" आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारीही झोप मिळू नये, ही तक्रार रास्तच होती. पुढच्या वर्षी सोसायटीने बजावले, आणखी एक तक्रार आली तर मैदान मिळणार नाही. सकाळचे राग ऐकण्याची गावातली ही एकच जागा. ती जाणार, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

अनंतराव बिल्ला घेऊन जयंतीभाईंच्या दारात गेले. "भाई, आवाज किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. यंत्रापाशी बसा. आम्ही कोणी हात लावणार नाही."

"आणि मी बंदच केला तर?"

"तर बंद."

मला हा वेडेपणा वाटला. रविवारी जयंतीभाई यंत्रापाशी बसले आणि आवाज अगदी बारीक ठेवला. गायिकेने दोनदा हाताने खूण केली, ते ढिम्म. मागचे लोक चुळबुळू लागले. मी उठणार, तोच अनंतरावांनी मला डोळ्यांनीच दटावले. तोडीचा आलाप रंगू लागला, तसे जयंतीभाई पुढे झुकले, मान हलवू लागले. मग त्यांनी स्वतःच बटण फिरवले आणि मागे वळून ओरडले, "पाछळ बराबर ऐकू येतंय ना?"

त्या सकाळी तक्रार एकच आली. सत्र लवकर संपल्याची, आणि तीही जयंतीभाईंची. घंटा मी वाजवली होती, वेळेवर.

माझा पाय मोडला त्या वर्षी अनंतराव स्कूटरवरून तरसालीला माझ्या घरी आले. मी राजीनामा तयार ठेवला होता. तो न वाचताच ते म्हणाले, "वेळ पाहायला पाय कुठे लागतात? रिक्षा येईल." रिक्षा आली. तीही वेळेवर.

यंदा अनंतरावांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. इतक्या वर्षांत त्यांनी एकही मैफल सलग बसून ऐकलेली नाही. म्हणून समितीने त्यांचा बिल्ला काढून घेतला आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवले. ठराव माझा होता. मध्यंतरापर्यंत ते बसले. मग घंटेपाशी येऊन कुरकुरले, "बाई, नुसतं बसून पाय आखडले. हे काही बरोबर नाही."

ही तक्रार होती. त्यांच्याच रीतीने मला बिल्ला परत द्यावा लागला. लगेच ते मागच्या सतरंज्या सरळ करायला निघालेसुद्धा.

त्यांना उत्तम आरोग्य लाभो, आणि अशी तक्रार घेऊन ते दर थंडीत माझ्याकडे येवोत. शंभरीनंतरही. प्रत्येक वेळी पुढच्या थंडीपर्यंत त्यांचा बिल्ला मी जपून ठेवीन.