वाचणारी मुलगी आणि अर्थ सांगणारे काका

अंबरनाथला आमच्या वस्तीतल्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. वर्षावासातली ही पद्धत बहुतेक ठिकाणी असते. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि वाचून झालं की एखाद्या जाणत्या माणसाने अर्थ सांगायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्याकडे वाचायचं काम चौथीतल्या एका मुलीकडे होतं. अर्थ सांगायचे तिच्या वडिलांच्याच कंपनीत काम करणारे एक काका. लग्नकार्याचे विधीही तेच करायचे.

मुलगी आमच्या शेजारची. आमची आणि त्यांची भिंत एकच. आवाज खणखणीत, जोडाक्षरं साफ, कुठे अडखळणं नाही. दोन वेण्या घालून ती चौरंगासमोर बसली की वस्तीतल्या म्हाताऱ्या पदर सावरून पुढे सरकायच्या. तिचे वडील मागे दाराजवळ उभे राहायचे. कंपनीतून दमून आलेला माणूस, बसायला जागा असली तरी उभाच. वाचन संपून सगळे "साधू, साधू, साधू" म्हणाले की ते हळूच बाहेर जाऊन चपला घालायचे. एवढ्यावरून त्यांना किती अभिमान वाटतो ते कळायचं. शेवटच्या पौर्णिमेला बाहेरगावचे पाहुणे येणार होते आणि त्या दिवशीही हीच वाचणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून पांढरा फ्रॉकसुद्धा आणून ठेवला होता.

मी तेव्हा नुकतीच डी.एड. होऊन उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत लागले होते. त्यामुळे वस्तीतली कुणाचीही अभ्यासाची तक्रार माझ्याकडे यायची. एका रविवारी मुलीची आई तिचा चाचणीचा पेपर घेऊन आली.

"बघा हो ताई. बेरीज-वजाबाकी तोंडावर आहे हिच्या. पण शब्दांत गणित आलं की पान कोरं. आणि हे बघा, उताऱ्याचे प्रश्न. काहीतरीच लिहून ठेवलंय."

काहीतरीच नव्हतं. प्रश्नात जो शब्द होता, तो उताऱ्यात शोधून त्याच्या आजूबाजूचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. निम्मी उत्तरं त्याने बरोबरही आली होती. माझ्या वर्गात असं करणारी मुलं ढिगाने होती, पण ती वाचतानाही अडखळायची. ही अडखळत नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी तिला आदल्या संध्याकाळी विहारात वाचलेलं काय होतं ते विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोस्टमनला पाकिटात काय आहे ते विचारत होते.

"अर्थ काका सांगतात ना. मी वाचते."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिने कामाची वाटणी सांगितली. शाळेतही तेच होतं. धडा मुलांनी एकेक करून वाचायचा, अर्थ बाईंनी सांगायचा, प्रश्नांची उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची. अर्थ हे दुसऱ्या कुणाचं तरी खातं आहे, हे ती जिथे-तिथे शिकत आली होती आणि आपलं काम चोख करत होती.

श्रावणात काकांना सेकंड शिफ्ट लागली. आठवडाभर ते येणार नव्हते. वाचन बंद कसं ठेवायचं, म्हणून मुलगी नुसतीच वाचेल असं ठरलं. पहिल्याच दिवशी एका नदीच्या पाण्यावरून दोन गावांत भांडण लागतं तो भाग आला. वाचून झालं. नेहमी या वेळी काका घसा साफ करायचे.

पुढे बसलेल्या आजींना राहवलं नाही. या आजी बारवी धरणाकडच्या. माहेरी भातशेती, आणि पाण्याचा विषय निघाला की त्यांना बाकी काही सुचायचं नाही.

"बाय, पाणी अडवलं कुणी पहिलं?"

मुलगी दाराकडे, वडिलांकडे बघायला लागली.

"वरच्या गावानं का खालच्या? आणि मंग गावलं कुणाला?"

मुलीने पान उलटून पाहिलं, परत उलटलं, आणि मग सगळा परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. तितक्याच खणखणीत आवाजात.

"अगं ते ऐकलं! मी विचारते काय, तू वाचतेस काय."

मागच्या पोरांतला एक जण म्हणाला, "टेपरेकॉर्डर आहे, आजी. रिवाइंड केली." हशा पिकला. मुलीचे वडील दारातून निघून गेले. त्या दिवशी "साधू" म्हणायच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी मुलीने वाचायला जाणार नाही म्हणून सांगितलं. आई रडकुंडीला आली, वडील घुमे झाले. मी म्हटलं, एक दिवस तब्येत बरी नाही सांगा आणि तिला माझ्याबरोबर पाठवा. मला चार नंबर कॅम्पात खडूचे डबे आणि वहीची कव्हरं घ्यायचीच होती.

तिथल्या किराणा दुकानात कस्टर्डची पुडी दिसली. तिथल्याच कुठल्याशा छोट्या कारखान्यात भरलेली, मागे हिंदीत कृती छापलेली. मी सिंधी दुकानदाराला उगाच विचारलं, "कैसे बनाते हैं?"

"सब पीछे लिखेला है, बेन. पढ़ो और बनाओ. नहीं बना तो मेरे को बोलो."

घरी येऊन मी दुधाचं पातेलं, साखरेचा डबा आणि पुडी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, मला येत नाही, तू कर. तिने पुडी दोन्ही हातांत धरली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, वजन आणि 'ठंडी जगह पर रखें' सकट, एका दमात वाचून काढली. अगदी विहारातल्या आवाजात. मग पुडी खाली ठेवली.

"झालं."

"काय झालं? कस्टर्ड?"

ती हसली. "तुम्ही सांगा ना आता."

"मला येत नाही म्हटलं ना."

मग तिने स्टोव्हवर दूध तापवलं आणि उकळत्या दुधात सगळी पूड ओतली. बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी वहीला कव्हर घालत होते, ते घालत राहिले. थोड्या वेळाने तिने आपणहून पुडी उचलली. या वेळी आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. मध्येच ती थांबली.

"ताई, आधी थंड दुधात कालवायची होती! इथं लिहिलंय!"

"मघाशी नव्हतं लिहिलेलं?"

"होतं... मी वाचलं होतं."

एवढं बोलून ती पुडीकडे बराच वेळ बघत राहिली. गुठळ्यांसकट आम्ही ते खाल्लं. चव वाईट नव्हती.

डी.एड.ला आकलनावर एक मोठा धडा होता आणि त्यावर मी भरपूर मार्कही मिळवले होते. त्यात कुठेही असं म्हटलेलं नव्हतं की मुलाला आधी थांबता आलं पाहिजे. या मुलीला थांबणं म्हणजे चूक वाटायची. अडखळणारी मुलं थांबतात, आपण नाही. तिची सगळी वाहवा न थांबण्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी विहारातला ग्रंथ दुपारपुरता मागून आणला, फरशीवर खडूने एक रेघ ओढली आणि म्हटलं, ही नदी, आता गावं तू काढ. ती एक वाक्य वाचायची, पुस्तक पालथं घालायची, खडू उचलायची. आधी तिने आजींच्या सांगण्यासारखी एक गाव वर, एक खाली अशी काढली. मग पुढचं वाक्य वाचून पुसली. पुन्हा काढली. तिचा फ्रॉक खडूने पांढरा झाला. मी फारसं काही केलं नाही. ती "बरोबर का?" विचारायची, तेव्हा मी "पुस्तकात बघ" म्हणायचे, एवढंच.

त्या संध्याकाळी ती विहारात गेली. वाचायला बसली आणि आजींना म्हणाली, "आजी, गावं वर-खाली नव्हती. एक नदीच्या या अंगाला, एक त्या अंगाला. कुणी अडवलं नव्हतं. पाणीच कमी होतं, आणि दोघांनाही आधी पाहिजे होतं."

आजींनी विचार केला. "हां. मंग भांडण खरं हाये," त्या म्हणाल्या. "पुढं वाच."

इथपर्यंत सगळं छान झालं. पण आता तिला थांबायची सवय लागली. एखादा शब्द कळला नाही की ती वाचता वाचता गप्प व्हायची, मागे जायची, ओठांत पुटपुटायची आणि कधी सरळ सांगायची, "हे मला कळलं नाही." आजी खूश. बाकीच्यांचे गुडघे दुखायला लागले. काका शिफ्ट संपवून परत आले, तर ती त्यांनाही मध्येच अडवायची. ते बिचारे सांगायचे, पण तिने विचारलेलं सगळंच त्यांना सांगता यायचं असं नाही.

भाद्रपद संपता संपता विहाराच्या कमिटीतले एक जण माझ्याकडे आले.

"ताई, पौर्णिमेला पाहुणे येणार. दुसऱ्या गल्लीतल्या मुलीला वाचायला लावतोय. ही मध्येच थांबते, बरं दिसत नाही."

"कळलं नाही की थांबते."

"तेच म्हणतोय ना मी."

मी वाद घातला, उपयोग झाला नाही. मुलीचे वडील माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"चांगली वाचत होती हो, ताई. तुम्ही तिचं वाचन घालवलंत."

मी त्यांना तिचे नवे पेपर दाखवले, शब्दांतली गणितं आता येतात म्हटलं. त्यांनी मान हलवली. गणितासाठी कुणी "साधू, साधू" म्हणत नाही. त्यांचं दुःख मला पटत होतं आणि तरीही मी माघार घेणार नव्हते.

पौर्णिमेला मुलगी पांढरा फ्रॉक घालून आमच्यात बसली. रडून डोळे सुजले होते. दुसरी मुलगी वाचत होती, छान, न थांबता. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच आमच्या रांगेतून आवाज आला, "थांब ना जरा. तो आधी नाही म्हणाला होता, मग आता हो का म्हणतोय?"

वाचणारी दचकून थांबली. पाहुण्यांनी डोळे उघडले आणि त्यांतले एक हसून म्हणाले, "पुढे येईल, बाळ." वडिलांनी मागून येऊन उठून उभ्या राहिलेल्या आपल्या मुलीला खांद्याला धरून खाली बसवलं.

परतताना मी त्यांच्या मागेच होते. आमच्या गल्लीत वळलो. मग वडील म्हणाले, "आलं का गं पुढं?"

"नाही आलं."

"मलाही वाटलं, नाही आलं." थोडं चालून ते म्हणाले, "उद्या ग्रंथ मागून आणतो घरी. बघू."

दुसऱ्या दिवशी ते फर्स्ट शिफ्ट करून आले, अंघोळ केली आणि चहा घेऊन बसले. भिंतीपलीकडून मुलीचा आवाज सुरू झालेला मला ऐकू आला. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी तिला थांबवलं.