गाण्यांना रकाने पाडणारे भाऊजी

गाणं ऐकल्यावर आधी त्याचं वजन विचारणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे भाऊजी अकोल्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. कोणता डबा कुठून आला, कुठे चालला, आत माल काय, वजन किती, हे मोठ्या कागदावर रकाने पाडून लिहायचं, हे त्यांचं काम. ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की मी वलगावहून पोचले तरी “बसा” म्हणायच्या आधी “कितीची मोटर? पिशव्या किती?” असं विचारायचे. मीही मुकाट सांगायची. सांगितल्याशिवाय त्या घरात पाणी मिळत नसे.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. देव्हारे उठले, उपास सुटले. सोडलं ते सोडलं, मला त्याची हळहळ नाही. पण बायकांच्या गाण्यांत ओळीओळीला देव बसलेले, त्यांना कोण उठवणार? पुढे भाचीचं, कुसुमचं, लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा, शाळामास्तर. घरातलं नव्या रीतीचं हे पहिलंच लग्न. भाऊजींनी ठरवलं की देवाचं एकही गाणं मांडवात येणार नाही आणि मांडव मुकाही राहणार नाही. लगेच कागद आखले. गाणं, चाल, कुठून आलं, वजन, आणि शेवटी शेरा: चालू किंवा बाद. वजन म्हणजे ते गाणं उचलायला किती बायका लागतात! मी हे ऐकलं आणि हातातली सुपारी खाली पडली. त्यात भाऊजींना सुराचा गंध नाही. त्यांना सगळ्या चाली सारख्याच. म्हणून ज्या बाईने चाल सांगितली तिचंच नाव ते चालीला देत.

“हे गानं कुठून आलं?” त्यांनी आमच्या काकूला विचारलं.

“माह्या मायकडून.”

“माय कुठची?”

“मोर्शीची.”

“मंग मोर्शी लिवतो. मधात कुठी उतरलं होतं का?”

“अवो जवाईबापू, गानं हाय का संत्र्याचा पेटारा?”

हसलो आम्ही, पण फार वेळ नाही. आमच्या आईचं पाठवणीचं एक गाणं होतं. आम्हा दोघी बहिणींना तिनं तेच म्हणून सासरी धाडलं. कुसुम जन्मली तेव्हापासून बहिणीनं ते तिच्या पाठवणीसाठी राखून ठेवलं होतं. त्यात कडव्याकडव्याला देवी. भाऊजींनी लाल पेन्सिलीनं ‘बाद’ लिहिलं.

“मायचं गानं बाद? मंग मले बी बाद लिवा!” बहीण म्हणाली.

“तुले कोनत्या रकान्यात लिवू?”

बाईच्या हातात तापलेली कढई असताना नवरा असं विचारतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

भाऊजींनी जुन्या चालींत नवे शब्द बसवले, कार्बन घालून प्रती काढल्या आणि बाईबाईला वाटल्या. वाचता येणारी मी एकटी, चौथी पास. लग्न छान लागलं, बुद्धवंदना झाली. पाठवणीला मी कागद वाचू लागले: “चाल, काकूची.” बायकांनी सूर धरला. शब्द चांगले होते, लेकी सुखी राहा, असेच. दुसऱ्या ओळीला नवरदेवाचा आजा उठला, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडून म्हणाला,

“कोन गेलं, बापा?”

मी वाचायची थांबले. मयत उचलताना म्हणायच्या भजनाची चाल होती ती! काकूनं चाल सांगितली. कधी म्हणतात हे भाऊजींनी विचारलं नाही, त्याचा रकानाच नव्हता. बायकांना कळलं होतं, पण कागदावर लिहिलेलं म्हटल्यावर बोलणार कोण? वरमाईचा चेहरा पांढरा पडला. कुसुम रडू लागली. भाऊजी नुसते कागदाकडे बघत उभे.

आणि बहिणीनं तोंड उघडलं. आईचं गाणं. आता चारचौघांत देवी येणार म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला. देवी आली नाही. तिच्या जागी कुसुम आली. डोंगर उतरत होती कुसुम, भरली नदी ओलांडत होती कुसुम, वाघावर बसून निघाली होती कुसुम. नवरदेव चांगलाच मागे सरकला. आज्यानं वहाणा पुन्हा घातल्या.

मोटर वळणाआड गेली. माणसं पांगली. भाऊजी बहिणीजवळ आले. मला वाटलं, आता लिहून घेतील. पण हात रिकामे होते.

“थे… अजून एकडाव म्हन ना,” ते म्हणाले.

बहीण रस्त्याकडेच पाहत होती.

“पोरगी तं गेली,” ती म्हणाली. “आता कोनासाठी म्हनू?”