चिंधीची झाडं

मनकर्णानं सरकारची झाडं अर्धलीच्या शेळ्यांसारखी सांभाळली, हीच तिची चूक झाली असं वस्तीवरचे शहाणे सांगतात. सांगोत बापडे. त्यातल्या एकानंही त्या माळावर कधी तांब्याभर पाणी नेऊन ओतलं नाही.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा कोरडा डोंगरपट्टा. दसरा झाला की निम्मी खडकवस्ती ऊस तोडायला कारखान्यावर जाते. मनकर्णा आणि तिचा नवरा गोरक्षनाथ, दोघांचा मिळून एक कोयता. अठरा वर्षं त्यांनी पाचटात संसार मांडला. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरवर चढवायची. शेवटच्या साली फळीवरून तिचा पाय घसरला, मोळी मानेवर आली, आणि तेव्हापासून मान डावीकडं वळत नाही. डावीकडून कुणी हाक मारली की ती सगळीच्या सगळी वळते, बैलगाडी वळवावी तशी.

म्हणून झाडांची योजना आली तेव्हा तिनंच नवऱ्याला पुढं ढकललं. त्यांचा दोन एकर मुरमाड माळ नुसता पडलेला होता. सरकार रोपं देणार, यांनी तीन वर्षं जगवायची, त्याची मजुरी मिळणार. मग मोजणी. चारशेतली तीनशे जगली तर पुढं आणखी दोन वर्षं राखणीचं काम यांचंच. नाही जगली तर काम बंद, आणि पुन्हा मोळी डोक्यावर. अट एकच, माळावर शेळी दिसता कामा नये. मनकर्णाच्या सात शेळ्या होत्या आणि त्यांना चरायला तोच माळ. सातही बाजारात गेल्या. त्या दिवशी तिनं कोरा चहा केला आणि प्याली.

रोपं जूनमध्ये यायची होती. आली सप्टेंबर सरता सरता, पाऊस आवरून गेल्यावर. साग, सिसू, करंज. काळ्या पिशवीत मुळ्या गोल गोल गुंडाळून बसलेल्या. साहेब लोक आले, तिघांनी मिळून एक रोप धरलं, बाटलीतलं विकतचं पाणी घातलं आणि फोटो काढला. तेच रोप सगळ्यांच्या आधी वाळलं.

बाकीच्यांसाठी मनकर्णानं जिवाचं रान केलं. हापशावरून हंडे वाहिले. लग्नाकार्यातून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, बुडाला भोक पाडून त्यात वात घातली आणि एकेका रोपाशी पुरल्या. बाया हसायच्या, "मनकर्णा काय जेवायला येत न्हाई, बाटल्यांच्या आहेराला येती." हसल्या तर हसल्या. पण सागाला मुरूम मानवतो का? हे खुरपं धरणाऱ्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. विचारलं कुणी? उन्हाळ्यात पाऊण माळ वाळला.

तेव्हा तिला शेळ्यांचा रिकामा गोठा आठवला. कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग तसाच पडून होता. शेळ्यांनी माळावरच्या बाभळी-हिवराच्या शेंगा खाल्लेल्या, बोरं खाल्लेली. सगळं बी त्या ढिगात. पाऊस पडायच्या आत तिनं प्रत्येक रिकाम्या खड्ड्यात ओंजळ ओंजळ लेंड्या घातल्या. उगवून आलं सगळं. बाभूळ, हिवर, बोर, मधेच कडुनिंब. विकून टाकलेल्या शेळ्यांनी जाता जाता आपली सोय करून ठेवली होती म्हणा ना.

आता तिनं केलं काय, तर यातल्या प्रत्येक झाडाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. ही इथली अर्धलीची रीत; वस्तीवरच्या आक्काबाईच्या शेळ्या मनकर्णानं पूर्वी अशाच सांभाळलेल्या. शेळी मालकाची, चारणं आपलं, करडं निम्मी निम्मी. मालकाची शेळी साप चावून मेली तर सांभाळणारानं आपली एक तिच्या जागी उभी करायची आणि तिच्या गळ्यात लाल चिंधी बांधायची. मालक येतो, बघतो. पसंत पडली तर स्वतःच्या हातानं चिंधी सोडतो. नाही पडली तर ती शेळी सांभाळणाराची, मालकाचा तिच्यावर हक्क उरत नाही. चिंधी लपवणाराला या वस्तीवर परत कुणी शेळी देत नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी गावातलाच वनमजूर बिभीषण आला.

"काकू, चिंध्या काढून टाका. मॅडम हिरवं बघत्यात आन् मोजत्यात. झाड कंचं हाय त्येंला काय कळतंय?"

"त्येंची मेली, म्या माझी लावली. सांगाया नगं का?"

"इचारलं तर सांगा की."

"न इचारताच सांगायचं असतंय, म्हणून तर चिंधी बांधत्यात."

गोरक्षनाथ बाजेवरून म्हणाला, "अगं, ह्यो सरकारी कारभार हाय. आक्काबाईची शेळी न्हाई."

"आक्काबाईला फसवलं न्हाई, मग सरकारला कशापायी फसवू? ते काय तिच्यापरीस गरीब हाय?"

दुसऱ्या दिवशी स्नेहल मॅडम आल्या. नगर शहरात सावेडीला राहणारी, नोकरीला नवी लागलेली पोर, बोलायला गोड. माळ बघून थांबलीच. कमरेएवढं गवत, कुठं खांद्याला तर कुठं डोक्याला लागलेली झाडं. "मावशी, किती छान जगवलंत," म्हणाली. मग तिला चिंध्या दिसल्या आणि तिनं विचारलं. मनकर्णानं हौसेनं सगळं सांगितलं, लेंड्यांसकट.

मॅडमचा चेहरा उतरला. तिनं यादी काढली. "मावशी, ही झाडं यादीत नाहीत."

"खड्ड्यात हायत की."

"यादीतलं रोप गेलं म्हणजे ते मृत धरावं लागतं. मला तसंच भरावं लागेल."

मोजणी झाली. यादीतली जिवंत एकशे अठरा. चिंधीची दोनशे सहासष्ट. बाकी खड्डे रिकामे. मॅडम एकेका हिरव्यागार बाभळीपुढं उभी राहायची आणि कागदावर 'मृत' लिहायची. एका बोरीवर व्हल्या पाखराचं घरटं होतं, आत दोन पिल्लं चोच वासून बसलेली. मनकर्णानं फांदी वाकवून दाखवली.

"हिच्यापुढं काय लिवलं?"

मॅडमनं खाली बघितलं. "मृतच, मावशी."

"मग ही पिल्लं सरणावर बसल्यात म्हणायची."

बिभीषणाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

माळ नापास झाला. तीन वर्षं जिनं डोक्यावरून पाणी वाहिलं तिच्या नावावर दोनशे ब्याऐंशी मढी. आणि सप्टेंबरात साग पाठवणाराच्या नावावर काय? कागदात त्याला रकानाच नव्हता. खालच्या अंगाला शेजारी शेतकरी कल्याण याची विहीर आहे, पूर्वी पौषात तळ गाठायची. मनकर्णाच्या माळानं पाणी धरलं तशी होळीपर्यंत टिकते, त्याचे दोन एकर कांदे वाढले. त्यालाही रकाना नव्हता.

मॅडम जीपकडं निघाली तेव्हा मनकर्णा सगळीच्या सगळी वळली आणि म्हणाली, "पोरी, थांब. ह्या चिंध्या तू सोडतीस का?"

"मी कशी सोडू? ती झाडं आमची नाहीत."

"मग तसं लिवून दे. दोनशे सहासष्ट झाडं सरकारची न्हाईत म्हणून."

मॅडम घुटमळली. मग बॉनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं, सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. देताना हळूच म्हणाली, "मावशी, वर कळवीन मी यादीचं." कळवलं असेलही. वरून अजून कुणी खाली आलेलं नाही.

मनकर्णा दिवस कलेपर्यंत चिंध्या सोडत बसली. गाठी उन्हापावसानं घट्ट झालेल्या, काही दातांनी सोडवल्या. गोरक्षनाथ बराच वेळ लांबून बघत होता, मग येऊन तोही सोडू लागला.

दुसऱ्या दिवशी ती कल्याणच्या विहिरीवर गेली. तो मोटार चालू करत होता.

"कल्याण, कुनाचं पानी हाय रे ह्ये?"

"माझंच की, वहिनी."

"माळ उघडा केला तर किती दिस ऱ्हाईल?"

कल्याणनं मोटार बंद केली. वरच्या हिरव्या उताराकडं बघितलं. म्हणाला, "काय म्हणताय ते सरळ म्हणा."

"आमाला दोघांनाबी काम दे. लागणीपासनं काढणीपतुर. दया नगं, रोजच्या भावानं दे."

दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीचा मुकादम सहादेव आला. तो दारातूनच म्हणाला, "वहिनी, नाव लिवू का कोयत्याचं? झाडं तर मेली म्हणं तुमची."

"मेली की," मनकर्णा म्हणाली. मागं दोन शेळ्या बांधलेल्या होत्या, आक्काबाईच्या, अर्धलीनं आणलेल्या. त्यांच्यापुढं बाभळीच्या मेलेल्या झाडाचा पाला पडला होता आणि त्या तो मन लावून खात होत्या. "चा घ्या, दादा. दूध हाय आज. पण नाव लिवू नगा."

संक्रांतीच्या सुमाराला बिभीषण पुन्हा आला. या खेपेला हातात योजनेची पाटी होती आणि नजर जमिनीवर. वार्षिक अहवालाला हिरवा फोटो पाहिजे होता. आसपासच्या सगळ्या माळांत हिरवा हा एकच.

मनकर्णानं आत जाऊन डब्यातला कागद आणला. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते तिला पाठ आहे. तिनं बोट ठेवलं.

"वाच, बिभीषणा. आन् मोठ्यानं वाच. बाजेवर ह्येंलाबी ऐकू जाऊ दे."

त्यानं वाचलं. मग ती त्याला एकशे अठरातल्या एका करंजाकडं घेऊन गेली, गुडघ्याएवढ्या, चार पानांच्या. "हे तुमचं. ह्याचा काढ. हवा तेवढा काढ." आणि मागची बाभूळ फोटोत येऊ नये म्हणून पदर पसरून तिच्यापुढं उभी राहिली.