प्रभाकरचं नवं मशीन

नलिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी सरळ करत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच... सकाळी चहासाठी उठवायला गेल्या तेव्हा कळलं. मी काडी सरळ केली, काचा पुसून चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मग शटर ओढलं. शनिवार पेठेतलं आमचं दुकान दुपारच्या झोपेखेरीज कधी बंद नसतं, त्यामुळे समोरचा किराणावाला चौकशीला आला. त्याला काय सांगावं ते मला सुचेना. प्रभाकर माझा कोण, हे एका शब्दात सांगण्याची वेळ माझ्यावर आजवर आलीच नव्हती. आता त्याला महिना होऊन गेला. तेव्हा निवांतपणे सांगतो.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसलो आणि तो टेलिफोन खात्यात लागला. जमिनीखाली तुटलेली केबल नेमकी कुठे तुटली आहे, हे शोधणं हे त्याचं काम. कानाला हेडफोन लावून तो रस्त्यावरून सावकाश चालायचा, आवाज बदलला की थांबायचा आणि खडूनं फुली मारायचा. खड्डा तिथेच घ्यायचा आणि केबल तिथेच तुटलेली असायची. त्याच्या कानाला साऱ्या खात्यात मान होता आणि त्यालाही तो पुरेपूर ठाऊक होता. निवृत्त झाल्यावर एवढा तयार कान रिकामा बसला. तेवढ्यात जावयानं परदेशातून मेटल डिटेक्टर आणून दिला आणि येरवड्याच्या आमच्या या गृहस्थाला साठीनंतर जुनी नाणी शोधण्याचा छंद जडला.

त्याचे नियम कडक होते. गडकिल्ल्यांच्या वाटेला जायचं नाही, तो गुन्हा आहे. मालकानं हो म्हटल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही. खणलेला खड्डा बुजवायचा आणि सापडेल ते मालकाच्या हातात ठेवायचं. मग तुला काय मिळतं, असं मी एकदा विचारलं. "आवाज," तो म्हणाला. रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही वाघोलीच्या बाजूला जायचो. नांगरट झालेलं रान त्याला फार आवडायचं. मशीन तो चालवायचा, डबा आणि टीका या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. बाटल्यांची बुचं, बैलांच्या नालांचे तुकडे, क्वचित एखादा भोकाचा पैसा. लोखंडाला खालचा घोगरा आवाज, चांदीला वरचा, शिट्टीसारखा. नुसतं ऐकून तो खाली काय आहे ते सांगायचा आणि तेच निघायचं. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

वाघोलीतलं एक शेत बायजाबाईंचं. त्यांच्या घरात सासूच्या सासूपासून चालत आलेला एक राणीछाप रुपया होता, माळेतला, कडी लावलेला. लक्ष्मीपूजनात तो चौरंगावर असायचा आणि सुगीच्या आधी घरची सून तो पदराच्या गाठीत बांधून शेतात न्यायची, हळदकुंकू वाहून परत आणायची. एका वर्षी मंगल, म्हणजे बायजाबाईंची सून, परत आली तेव्हा गाठ सुटलेली होती. आदल्याच दिवशी तिचा भाऊ येऊन गेला होता. सासूला जे वाटायचं ते वाटलं. मंगल म्हणत होती, रुपया शेतात पडला. बायजाबाईंनी प्रभाकरला बोलावून घेतलं आणि सुनेसमोरच सांगितलं की तुमचं मशीन काय म्हणेल ते आम्ही मानू. त्यानं दोन रविवार ते शेत इंच इंच पालथं घातलं आणि शेवटी हेडफोन काढून म्हणाला, "इथं नाही." नेहमीच्या खात्रीनं. तिजोरीच्या किल्ल्या मंगलकडून काढून घेतल्या गेल्या आणि त्या दिवाळीपासून लक्ष्मीपूजनाला तिनं हात लावायचा नाही असं ठरलं. पुढे कधी आम्ही त्या बाजूला गेलो की ती आमच्याकडे पाठ करून कामाला लागायची. प्रभाकर मग त्या शेताकडे न बघता पुढे व्हायचा.

नंतरची दोन-तीन वर्षं त्याला चांदी अशी सापडलीच नाही. नुसतं लोखंड. मशीन म्हातारं झालं, असं त्यानं ठरवलं आणि गेल्या हिवाळ्यात नवं मागवलं, चांगलं पडद्यावर आकडा दाखवणारं. खाली चांदी असेल तर आकडा वर जाणार. वहिनी म्हणाल्या, "आता महागातली बुचं सापडतील." तो खोकं उघडत होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. खोक्यात गुंग आहे म्हणून, असं आम्हाला तेव्हा वाटलं.

सोसायटीच्या बागेत मी त्याच्याजवळचा चांदीचा रुपया गवताखाली दडवला आणि त्यानं त्यावरून मशीन फिरवलं. आकडा एकदम वर गेला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "आकडा येतोय, पण आवाज नाही. नवं मशीन आणि पहिल्याच दिवशी बिघडलेलं." मी त्याच्या शेजारीच उभा होतो. हेडफोन अजून खोक्यातच होते आणि मशीनची शिट्टी मला स्वच्छ ऐकू येत होती. मी म्हणालो, "प्रभ्या, वाजतंय की." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वर गेला, जुनं मशीन घेऊन आला आणि त्याच जागेवरून फिरवलं. तेही वाजत होतं. चांगलं खणखणीत वाजत होतं. वाजतंय का, असं त्यानं मला विचारलं आणि मी मान डोलावली... जुनं मशीन हातात धरून तो बागेतल्या बाकावर बसला. कान गेल्याचं, निदान चांदीचा तो वरचा आवाज गेल्याचं, दुःख त्याला झालंच असणार. पण तो म्हणाला, "मंगलचं शेत अजून आहे ना रे?"

शेत होतं, पण शेजारच्या तुकड्याला बिल्डरचे पत्रे लागले होते. त्या रविवारी त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावले आणि आपण पडद्याकडे बघत चालत राहिला. ऊन चढलं तरी थांबेना. बांधाच्या कोपऱ्यात, पूजेच्या जागेपासून नांगरानं जरा सरकवलेला, वीतभर खोल तो होता. आधी मला शिट्टी ऐकू आली, मग आकडा आला. कडीसकट रुपया. मला वाटलं, आता हा मंगलला बाजूला बोलावून गुपचूप देईल. त्याऐवजी त्यानं सगळ्या घराला ओट्यावर बोलावलं. लोकलाजेखातर तरी त्यानं जुन्या मशीनवर ढकलावं अशी माझी इच्छा होती, खरं सांगतो. त्यात खोटं पकडायलाही कोणी नव्हतं.

"बायजाबाई, मशीन तेव्हाही चांगलं होतं," तो म्हणाला. "रुपया तेव्हाही इथंच होता आणि मशीन वाजलंही असणार. मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही म्हणायच्या ऐवजी मी नाही म्हणालो. चूक माझी, सोसलं हिनं."

बायजाबाईंनी रुपया उचलून कपाळाला लावला. मग त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि सुनेपुढे ठेवल्या. मंगलनं लगेच त्या उचलल्या नाहीत. ती प्रभाकरला म्हणाली, "काका, मला ठावं व्हतं. पर माझ्या एकटीला ठावं असून काय उपेग न्हवता." आणि मग आत जाऊन तिनं आमच्यासाठी चहा ठेवला. चहा फार गोड होता. साखर चालत नसताना प्रभाकरनं तो पूर्ण प्यायला.

त्यानंतर त्यानं कानाचं यंत्र घेतलं, चारचौघांत मिरवलं, आणि 'नाही' हा शब्द मात्र सोडून दिला. चष्मा सापडत नसला तरी "मला दिसला नाही" म्हणायचा. मी त्याची भरपूर थट्टा केली. आमच्या पेठेत दुकान चालवायचं तर 'नाही' हा शब्द लागतोच, गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणता येतो.

वहिनींनी त्याचं जुनं मशीन मला दिलं. काउंटरमागे कोपऱ्यात ते उभं असतं. परवा एक आजी जुन्या गोल फ्रेमसाठी आल्या, नवऱ्याच्या फ्रेमसारखी हवी होती. "नाही," मी सवयीनं म्हणालो. त्या वळल्या. माझं लक्ष कोपऱ्यात गेलं... "आजी, थांबा," मी म्हणालो, "मी अजून बघितलेलं नाही." आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो.