बंद गाडीचं चालू इंजिन

मी एका मेलेल्या माणसाला शब्द देऊन बसलो, तोही बायकोच्या समोर.

गाडी आंधळगावच्या एका गुरुजींची. ते गेले आणि मुलाने ती मला विकली. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी! आत अजून गुरुजींच्या बामाचा वास होता. दुसऱ्याच दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मुलगा सज्जन, आठ दिवसांत परत घ्यायला तयार होता. वैशालीने (माझी बायको, शाळेत विज्ञान शिकवते) निकाल दिला, दिवा विझला तर गाडी ठेवू, नाहीतर आठव्या दिवशी परत.

मला तर ती गाडी जीव की प्राण झाली होती. मी एक स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली खोचायचा, की इंजिनाचा एरर कोड ब्लूटूथने मोबाइलवर येतो. कोड कशाचा आहे ते वाचायची मला कधी गरजच वाटली नाही. 'क्लिअर' दाबायचो, दिवा विझायचा आणि कारध्याच्या पुलावर पुन्हा लागायचा. सातव्या दिवसापर्यंत हेच चाललं.

आठव्या सकाळी एवढं धुकं पडलं, की अंगणातून कुंपणाची भिंत दिसेना. पाखरूही बोलत नव्हतं. मी गाडीत बसलो, मोबाइल उघडला. स्क्रीनवर आलं, इंजिन चालू.

किल्ली माझ्या खिशात होती.

आकडे फिरत होते. इंजिन हळूहळू तापत होतं. कान दिला तर जमिनीखालून आल्यासारखी बारीक घरघर. बॉनेटला हात लावला, गार दगड! मी घाईघाईने 'क्लिअर' दाबलं. तेवढ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा एकदम दोन हजारावर गेला, जणू कुणी ॲक्सिलरेटरवर पाय दिला. बामाचा वास वाढल्यासारखा वाटला. मी वैशालीला हाक मारली.

तिने स्क्रीन पाहिली. "चाबी कुठं हाये?"

"खिशात."

"मंग चालू कोनं केली?"

विज्ञान तीन पावलं मागे सरकलं. मी बॉनेटपुढे हात जोडले. "गुरुजी, चुकलं माहं. आजच्या आज गाडी तुमच्या घरी पोचवतो. शब्द देतो."

आकडा शून्यावर आला. घरघर थांबली. आणि धुक्यातून पांढरं घोंगडं पांघरलेलं काहीतरी आमच्याकडे चालत आलं. मी वैशालीच्या मागे लपलो (हे तिने नंतर सगळ्या माहेरी सांगितलं).

"जावई," ते म्हणालं, "तुमचं यंत्र माह्या गाडीतच राह्यलं."

मामाजी, म्हणजे माझे सासरे! रात्री मुक्कामाला होते. आदल्या संध्याकाळी ऐट दाखवायला मी स्कॅनर त्यांच्या गाडीत खोचला आणि तिथेच विसरलो. वरठीला निघायचं म्हणून ते भिंतीपलीकडे इंजिन गरम करून राहिले होते.

स्कॅनर आमच्या गाडीत लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोड वाचला. एका सेन्सरची पिन ढिली होती. दाबली, खट् झालं. पूल ओलांडून आलो, दिवा लागला नाही. आनंदाने मला नाचावंसं वाटलं. म्हटलं, गाडी आपली.

"गुरुजीले शब्द देल्ला ना तुमी?" वैशाली म्हणाली.

"अवं, गुरुजी होते कुठं तिथं?"

"नव्हते, तर हात कायले जोडले?"

मामाजींनीही लेकीचीच बाजू घेतली. दुपारी गुरुजींचा मुलगा गाडी परत न्यायला आला, विझलेला दिवा पाहून हरखला. म्हणाला, असा मेकॅनिक भंडाऱ्यात शोधून सापडत नाही.

तेव्हापासून त्या गाडीला काही झालं, की तो मलाच बोलावतो. मी एसटीने जातो.