आज भावना कशी आहे?

काही जणांच्या घरात रिकाम्या बरण्या साठतात, माझ्याकडे बालवाडीतले किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! दर बुधवारी भांडुपहून घाटकोपरला घरी येताना मी रिक्षात एकटीच खुदुखुदू हसत असते. एकदा तर रिक्षावाल्याने आरसा माझ्याकडे वळवून घेतला. मी लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करते हे त्याला कळलं असतं, तर त्याने मला तिथेच उतरवलं असतं.

काम तसं सोपं आहे. तीन-चार वर्षांचं पोर चिडलं, घाबरलं, गप्प झालं तर काय करायचं, ते टीचरबरोबर बसून ठरवायचं. पोरांना टीचर सांभाळते, टीचरला मी सांभाळते. मला कोण सांभाळतं ते विचारू नका.

बालवाडी भांडुपच्या चढावर, एका मंडळाच्या हॉलमध्ये. टीचर दोनच. परब बाई मूळच्या मालवणकडच्या, या हॉलमध्येच केस पांढरे झालेल्या. त्यांनी पोरांना ‘बसा’ म्हटलं की रस्त्यावरची माणसंही बसायला जागा शोधतात. आणि दुसरी भावना टीचर. पंचविशीची, मुलुंडहून येते. पोरगं पडलं तर त्याच्याआधी हिच्या डोळ्यांत पाणी!

* * *

सुरुवातीला मी नुसती कोपऱ्यात बसून वर्ग कसा चालतो ते बघायची. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, “एक ताई भावना टीचरला बघायला येते.”

झालं! पुढच्या बुधवारी गेटवर नातवाला न्यायला आलेल्या एका आजींनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

“मुलगा काय करतो हो तुमचा?”

“मला मुलगा नाही आजी, मुलगी आहे. अकरावीत.”

“मग पुतण्यासाठी का?”

मी गोंधळून हसले. आजी भडकल्या. “हसता काय? दर बुधवारी येता, पोरीच्या हातचा चहा पिता, आणि अजून पसंत नाही? सोन्यासारखी मुलगी आहे. एकदाच काय ते हो-नाही सांगून टाका!”

* * *

पहिल्याच ट्रेनिंगमध्ये मी जरा शायनिंग मारायला गेले. म्हटलं, “मुलाची भावना आधी व्हॅलिडेट करायची.”

परब बाईंनी चष्मा वर केला. “व्हॅलिडेट म्हणजे? व्हॅलिडिटी किती दिवसांची? अठ्ठावीस?”

तो शब्द मी तिथेच सोडला. साधं मराठी बोलायचं ठरवलं, तर त्यात आणखी वाट लागली! भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लावला. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. आणि पोरांना म्हटलं, “आज आपण भावना ओळखायला शिकायचं.”

अख्ख्या वर्गाने एका बोटाने भावना टीचरकडे दाखवलं. “ही काय!”

“तशी नाही रे. आपल्या सगळ्यांकडे भावना असते.”

“नाही, ती मुलुंडला असते!”

मी घाम पुसला. “बरं, भावना कधी दाबून ठेवायची नाही, काय?”

पहिल्या रांगेतला एक गोट्या रडकुंडीला आला. “आम्ही कुठे दाबलं तिला?”

तेव्हापासून प्रथाच पडली. रोज सकाळी परब बाई विचारणार, “आज भावना कशी आहे?” पोरं टीचरचा चेहरा निरखून बघणार आणि तक्त्यावरच्या तशाच चेहऱ्याला कपड्यांचा चिमटा लावणार. खरं तर पोरांनी स्वतःचं सांगायचं होतं. पण मी म्हटलं, असू दे. दुसऱ्याचा चेहरा वाचता येऊ लागला की आपलाही वाचता येतो हळूहळू.

* * *

राग आला की श्वास कसा घ्यायचा, तेही शिकवायचं असतं. ‘फुलाचा वास घ्या, मेणबत्ती विझवा.’ नाकाने आत, तोंडाने बाहेर. छान चाललं होतं. पण मेणबत्ती विझली की पोरं टाळ्या पिटत वाढदिवसाचं गाणं म्हणायची आणि मग केक कुठेय म्हणून रडायची. शांत करायला गेलो आणि भोकाड पसरून बसलो!

परब बाई म्हणाल्या, “मेणबत्ती नको गो बाय. चहा फुंकूया. आल्याचा वास घ्या, बशीत ओता, फुंका.” भातुकलीतली प्लॅस्टिकची बशी आली, पोरं लाइनीत बसून फुंकायला लागली. एकदम झकास!

पंधरवड्याने एक पप्पा तणतणत आले. “मॅडम, तुम्ही शिकवता तरी काय? मी फोनवर बॉसशी जरा मोठ्याने बोललो की ही कार्टी समोर बशी आणून धरते!”

“मग?”

“मग काय! ती हटतच नाही. फुंकावं लागतं!”

* * *

पालकांसाठी मीटिंग ठेवली. बोर्डवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आपल्या मुलाचं मानसिक आरोग्य’. आले फक्त एक आजोबा, तेही भांडायला. “आमचा नातू काय येडा आहे का?”

परब बाईंनी बोर्ड पुसला आणि लिहिलं, ‘मूल नीट जेवत नाही? या!’

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती! जेवणावरून सुरू झालं आणि हट्ट, झोप, मोबाईल, मार, नवराबायकोची भांडणं, सगळं निघालं. बायका मोकळेपणी बोलल्या. मी खूश! शेवटी मागून एक काकू उठल्या. “माझा मुलगा पण अजिबात जेवत नाही हो. रागावला की ताट सरकवतो.”

“किती वर्षांचा आहे?”

“अडतीस.”

परब बाई शांतपणे म्हणाल्या, “त्याला बुधवारी पाठवा.”

* * *

त्याच मीटिंगनंतर रेवाची आई थांबली. रेवा साडेतीन वर्षांची. जूनपासून शाळेत येत होती, खेळत होती, डबा खात होती, पण तोंडातून एक शब्द नाही! घरी मात्र बडबडीने डोकं उठवते म्हणे.

“घरी बोलते म्हणजे प्रॉब्लेम शाळेतच आहे ना?” आई म्हणाली. चिडली नव्हती, घाबरली होती बिचारी. “दिवाळीपर्यंत बघते ताई. नाहीतर काढून दुसरीकडे घालते.”

भावना टीचरचा चेहरा पडला. आई गेल्यावर मला म्हणाली, “ताई, ती गेली तर मला नाही सहन होणार. एवढंसं पोर रोज माझा दुपट्टा धरून बसतं. तिला काही हवं असेल, कुठे दुखत असेल, तर मला कळणार कसं?”

मी सांगितलं, “काही मुलं घराबाहेर बोलूच शकत नाहीत. तो हट्ट नसतो, भीती असते. तिला ‘बोल, बोल’ करायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. काम द्यायचं, बरोबर राहायचं. आणि ती बोललीच, तर टाळ्याबिळ्या वाजवायच्या नाहीत. काही झालंच नाही असं दाखवायचं.”

भावनाने रेवाला काम दिलं ते चिमट्याचं. रोज तक्त्यावर चिमटा लावायचा तो रेवानेच.

खरी पंचाईत झाली परब बाईंची. “प्रश्न विचारूचो नाय? मी आणि गप? माझो घोव हसतलो!” दोन दिवस त्या तोंडाला पदर लावून फिरल्या. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा त्यांनी रेवाकडे पाठ केली आणि भिंतीला विचारलं, “काय गो भिंती, पाणी हवां काय तुका?”

पोरं खो-खो हसली. एक शहाणा म्हणाला, “बाई, भिंत बोलत नाही!”

“बोलात रे,” परब बाई म्हणाल्या. “तिका वाटात तेव्हा बोलात. आमका घाई नाय.”

रेवा उठली आणि परब बाईंच्या हातातल्या ग्लासातलं पाणी पिऊन गेली. तेव्हापासून परब बाई बिनदिक्कत भिंतीशी गप्पा मारतात. मंडळाच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताई, बाईंची तब्येत बरी आहे ना?”

* * *

दिवाळी जवळ आली तशी भावना सुकत चालली. म्हणून एका बुधवारी पोरं गेल्यावर मी दोघींना बसवलं. म्हटलं, “आज तुमचं बोलू. तुम्ही स्वतःसाठी काय करता? जिवाला बरं वाटावं म्हणून?”

परब बाई लगेच, “मी रविवारी बांगडे कोळणीकडूनच साफ करून आणते. घरी आणून साफ करीत नाय. ह्याच्यापेक्षा मोठी चैन काय असते?”

“वा! आणि तू गं भावना?”

ती हसली. “मी रडते ताई. बाथरूममध्ये, नळ सोडून. म्हणजे आईला ऐकू जात नाही.”

मग तीच पुढे म्हणाली, “पण आमच्याकडे पाणी साडेसातला जातं ना. त्यामुळे पटपट आटपावं लागतं!”

आम्ही तिघी हसलो. परब बाईंनी हसता हसताच तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

* * *

आणि मग तो सुट्टीच्या आधीचा बुधवार.

मी पोचले तेव्हा रेवाची आई दारातच उभी, हातात रिकामी पिशवी. दुसरीकडे अ‍ॅडमिशन मिळाली होती. “आज शेवटचा दिवस. तिची वाटी, चित्रं, काय असेल ते घेऊन जाते.” बोलताना तिलाही कसंनुसं होत होतं. रेवा आईचं बोट सोडून तिच्या जागेवर जाऊन बसली.

भावना “आलेच” म्हणून हॉलच्या मागच्या मोरीत गेली. आली ती तोंड धुऊन, पावडर लावून, हे एवढं हसू घेऊन! मनात म्हटलं, शाब्बास पोरी.

पोरं गोलात बसली. परब बाईंनी नेहमीसारखं विचारलं, “आज भावना कशी आहे?” आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

“हसरी!” सगळी ओरडली.

“हो! आज मी एकदम मस्त आहे,” भावना म्हणाली. “रेवा, लाव चिमटा.”

रेवा उठली. तक्त्यापाशी गेली. हसऱ्या चेहऱ्यासमोर थांबली, भावनाकडे बघितलं, आणि चिमटा लावला तो रडक्या चेहऱ्यावर.

“अगं रेवा, बघ ना, मी हसतेय!”

“खोटं,” रेवा म्हणाली.

आवाज जरा घोगरा होता. परब बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. दारात आईच्या हातातली पिशवी खाली पडली.

“तू नळ सोडून रडलीस,” रेवा म्हणाली. “मला ऐकू आलं.”

आता टाळ्या वाजवायच्या नाहीत, काही झालंच नाही असं दाखवायचं, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. माझे हात मी मांडीखाली दाबून बसले होते. परब बाई आमच्याकडे पाठ करून भिंतीला म्हणाल्या, “भिंती, ऐकलंस गो?” आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

भावनाच्या गालांवरून पावडर ओघळली. तिला ना हसू आवरत होतं ना रडू.

रेवा भातुकलीच्या टोपलीकडे गेली, आत शोधलं, आणि प्लॅस्टिकची बशी आणून टीचरच्या तोंडासमोर धरली.

“फुंक.”